सांध्यावरचं उणे

"सर, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मागच्या अंकात त्यांनी एका बोअरवेलवाल्याचा लेख छापला होता, त्याच्या आदल्या साली एका भूलतज्ज्ञांचा. दोन्ही मी आवडीनं वाचले होते. त्या दोघांकडं खडक होते, माणसं होती. माझ्याकडं कागद. जालन्यातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात क्वांटम स्पिन साखळ्यांवर काम करतो. उरलेल्या म्हणालो खरा, पण जीव सगळा तिथंच होता. सव्वीस वर्षं झाली. गमती आहेत दोन-चार. त्या आधी सांगतो, म्हणजे संपादकांचा शब्द राहील. मग मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमचं गाव टेंभुर्णी. पीएचडी करून मी परत आलो तेव्हा धाकट्या काकांनी ओट्यावर बसवून चौकशी केली होती.

"कशाची साखळी म्हन्तो तू? सळईवाल्यांकडं लागला का काय?"

"न्हाई काका. चुंबकांची. लई बारीक. डोळ्याला दिसत न्हाईत."

"मंग सांधा जोडलाय का तुटलाय, ते कसं कळतं?"

मी हसलो. ओट्यावरचे बाकीचेही हसले. काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दुसरी गंमत एका मोसंबीवाल्या बागायतदारांची. घनसावंगीकडचे. कुणीतरी त्यांच्या पाइपाला दोन चुंबकं बांधून दिली होती आणि त्यातून गेलेल्या पाण्यानं फळ गोड होतं, गळ थांबते असं सांगितलं होतं. कॉलेजात चुंबकाचे सर आहेत असं ऐकून ते माझ्याकडं आले. मी म्हणालो, "अर्ध्या बागेला चुंबकाचं पाणी द्या, अर्ध्याला साधं. रोज खाली पडलेली फळं मोजा, वहीत लिहा. आणि मामा, वही जे सांगेल ते मानायचं. आपल्याला काय वाटतं ते मानायचं न्हाई." बहार संपल्यावर ते वही घेऊन आले. दोन्हीकडची गळ सारखी. पान उलटत हसायला लागले. "फसलो बघा सर! आन् सगळ्या गावाला सांगून बसल्तो की फरक पडला म्हणून. आता जाऊन सांगतो, न्हाई पडला."

आणि त्यांनी खरंच जाऊन सांगितलं. हे मी नंतर अनेक वर्गांत उदाहरण म्हणून वापरलं. आता वापरत नाही.

धंदा समजावून सांगतो. एका ओळीत बारीक चुंबकं मांडली आहेत असं समजा. प्रत्येकाचं तोंड वर किंवा खाली, आणि अणूच्या जगात दोन्हींचं मिश्रणही. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची खबर असते. एवढंच. पण एक चुंबक वाढवलं की शक्यता दुप्पट होतात. चार चुंबकांना सोळा, चौदा चुंबकांना सोळा हजारांवर. म्हणून बहुतेक साखळ्या कागदावर सुटत नाहीत. काही मोजक्याच सुटतात. त्यांना आम्ही इंटिग्रेबल म्हणतो, मी वर्गात "सुटणाऱ्या" म्हणतो. त्यांच्यात दोन लाटा समोरासमोर आल्या तर एकमेकींतून पार होतात आणि पलीकडं जशाच्या तशा निघतात. कुणी मोडत नाही, कुणी कुणात विरघळत नाही. पहिल्यांदा हे गणितात घडताना पाहिलं तेव्हा मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो.

त्यातल्या काही साखळ्या काठावरच्या असतात. पाण्याचं बर्फ होण्याचा जसा एक नेमका बिंदू असतो, तसा बिंदू. तिथं लांब-जवळ असं काही उरत नाही, या टोकाची हालचाल त्या टोकाला जाणवते. आणि तिथं एक साधी खूण सापडते. साखळीची सर्वांत खालची ऊर्जा आणि तिच्या वरची, या दोघींत जी फट असते, ती लांबी दुप्पट केली की अर्धी होते. म्हणजे फट गुणिले लांबी हा आकडा जागचा हलत नाही. ही खूण लक्षात ठेवा.

माझं नाव ज्या एका निबंधामुळं झालं, त्यात मी एक नवी साखळी घेतली होती. तिच्यात प्रत्येक चुंबकाला शेजाऱ्याची आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचीही खबर होती, तरी ती सुटत होती. मी दाखवलं होतं की काठावर असताना या साखळीत ती फटच नसते. लांबी कितीही असो, खालच्या दोन ऊर्जा तंतोतंत सारख्या. असं कुणी पाहिलं नव्हतं. लोकांनी संदर्भ दिले, परिषदांना बोलावलं. जालन्याच्या माणसाला विचारून राह्यले, याचं मला फार अप्रूप होतं.

प्रज्ञा वाहूळ माझ्याकडं पीएचडीला आली, ती हाच निबंध पुढं न्यायला. अंबडची. वडील उत्तमराव प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घरात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. कमी बोलायची, अक्षर बारीक, आणि कुठलीही गोष्ट स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढं जायची नाही. पहिल्या वर्षी मला हे कौतुकाचं वाटलं.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती छापील कागद घेऊन विभागात आली. माझं सूत्र न वापरता तिनं संगणकाला सरळ साखळी दिली होती. गोल साखळी, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. आठ चुंबकांची, दहाची, बाराची, चौदाची.

"सर, फट येऊन राह्यली."

"येणार नाही. प्रोग्रॅम तपास."

"तपासला सर. फट गुणिले लांबी पण काढली. आठला, दहाला, बाराला, चौदाला. आकडा हलूनच नाही राह्यला."

मी कागद हातात न घेताच म्हणालो, "साखळी गोल करताना शेवटचा सांधा चुकला असेल तुझा. तो बघ."

हे वाक्य माझंच आहे, शब्दशः.

ती गेल्यावर मी कागद ओढून घेतले. चार आकडे. चौथ्या दशांशातच काय ती कुरकुर. चुकलेला प्रोग्रॅम इतकं नेटकं चुकत नाही. मी वही काढली आणि सहाच चुंबकांची साखळी हातानं सोडवायला बसलो. चौसष्ट शक्यता, पण त्यांचे लहान लहान गट पडतात, दोन तासांत होतं. फट आली. मग मी माझा निबंध उघडला.

या साखळ्या सोडवण्याची एक युक्ती आहे. चुंबक वर असेल तर त्या घरात कण आहे म्हणायचं, खाली असेल तर घर रिकामं. पण या कणांचा एक हट्ट असतो. दोघांनी एकमेकांना ओलांडलं की चिन्ह बदलतं, अधिकाचं उणे. ओळीत बसलेत तोवर काही बिघडत नाही. पण साखळी गोल असली की शेवटच्या घरातला कण सांधा ओलांडून पहिल्या घरात येतो, आणि गणिताच्या हिशेबी तो वाटेतल्या सगळ्यांना ओलांडून येतो. कण एकूण सम असतील तर त्या सांध्यावर उणे चिन्ह, विषम असतील तर अधिक. प्रत्येक वेळी मोजून लावावं लागतं. हे कुणालाही शिकवतात. मीही प्रज्ञाला शिकवलं होतं.

माझ्या साखळीत शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशीही नातं असल्यानं त्या ठिकाणी एकाऐवजी तीन धागे येत होते, लिहायला किचकट. आमच्या धंद्यात तेव्हा एक पळवाट वापरतात. निबंधाच्या तिसऱ्या पानावर माझी ओळ होती: "लांब साखळीसाठी शेवटच्या सांध्याचा फरक नगण्य मानला आहे." एकूण ऊर्जा काढायची तर हे चालतं. पण पुढं बारा पानांनंतर मी फटीबद्दल बोललो होतो. फट एवढीशी असते, आणि ती सगळी त्या सांध्यातच असते. जे नगण्य म्हणून सोडलं, त्यावरच निष्कर्ष काढला. उणे चिन्ह लावलं की दोन्ही ऊर्जा वेगळ्या होतात. माझा शोध म्हणजे एक विसरलेलं उणे.

काकांनी ओट्यावर विचारलं होतं ते हेच.

प्रज्ञा बरोबर आहे, हे मला तिनं कागद आणून दिल्याच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत कळलं होतं. नंतर कळलं असं मी बायकोलाही सांगितलं आहे. ते खोटं आहे.

तीन महिन्यांवर माझी प्राध्यापकपदाची मुलाखत होती. अर्जात पहिल्या क्रमांकाला तो निबंध. मनाशी म्हणालो, मुलाखत होऊ दे, मग बोलू. मुलाखत झाली, पद मिळालं. मग म्हणालो, लगेच बोललो तर लोक काय म्हणतील, थोडं जाऊ दे. एकदा खालच्या टाक्याला गाठ मारली नाही की वरचे सगळे टाके नीट घालत बसावं लागतं.

तिला मी विषय बदलायला सांगितलं. ती म्हणाली, "बदलते सर. पण हे चुकलंय कुठं ते कळू द्या, मग बदलते." मी पुन्हा प्रोग्रॅम लिहायला लावला. तिनं दुसऱ्या भाषेत लिहिला. तेच आकडे. तिसऱ्यांदा लिहायला लावला. ती रोज यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची, आणि नसलेली चूक शोधायची. मी तिच्यासमोरून डबा खायला जायचो, यायचो. दीड वर्ष.

आमच्याकडं संशोधक विद्यार्थ्याचा दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल जातो. मार्गदर्शकानं एका रकान्यात शेरा लिहायचा असतो. लागोपाठ दोनदा वाईट शेरा गेला की नोंदणी रद्द. मी दोनदा लिहिलं: "असमाधानकारक." अक्षर चांगलं आहे माझं.

मधल्या काळात एकदा उत्तमराव आले होते. अंबडहून बसनं, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पिशवी. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मी बसा म्हणेपर्यंत उभे राहिले.

"सर, लेकरू घरी आलं तरी तेच कागद घेऊन बसून राह्यलंय. जेवायचं ध्यान न्हाई. मला ह्यातलं काही समजत न्हाई, मी आपला चौथीचा मास्तर. तिचं कुठं चुकून राह्यलं, तेवढं सांगा. मी समजावतो तिला."

मी म्हणालो, "गुरुजी, हुशार आहे. पण या विषयाला जेवढी खोली लागते तेवढी नाही. अभ्यास कमी पडतो."

ते मान हलवत राहिले. म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असंल." पिशवीतून त्यांनी घरचे शेंगदाण्याचे लाडू काढून टेबलावर ठेवले, हात जोडले आणि गेले. लाडू विभागातल्या सगळ्यांनी खाल्ले. मी एक खाल्ला.

मी जातपात बघत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो आणि तसं मानतही होतो. उत्तमराव बौद्ध नसते, आमच्याच भावकीतले कुणी निवृत्त मुख्याध्यापक असते, तर समोर बसून "खोली नाही" हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले असते का? मी खूप वेळा विचारून पाहिलं आहे. उत्तर माझ्या बाजूनं येत नाही.

नोंदणी रद्द झाली. प्रज्ञानं टेबल आवरलं, कपाटाची किल्ली दिली. "येते सर," म्हणाली. तक्रार केली नाही, कुणाला पत्र लिहिलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढं अनेकदा वाटलं. माझं काम तिनं करावं, ही माझी सवयच.

अकरा वर्षं गेली. सदसद्विवेक जागा झाला असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. गेल्या वर्षी बाहेरच्या देशातल्या एका तरुण संशोधकाचा ईमेल आला. अतिशय नम्र. "आपल्या निबंधात तिसऱ्या पानावर सांध्याचं चिन्ह धरलेलं दिसत नाही, माझं काही चुकत असेल तर कृपया सांगावं." मी तासाभरात उत्तर दिलं: "तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे. आभारी आहे." एका अनोळखी माणसाला एक तास. आणि त्या मोसंबीवाल्या मामांना तर तेवढाही लागला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात अंबडला गेलो. प्रज्ञा तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मधली सुट्टी होती. ती शिक्षकांच्या खोलीत प्रयोगवह्या तपासत होती, लाल पेननं. मला पाहून उठली, खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. केसांत पांढरं आलं आहे तिच्या. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, "प्रज्ञा, फट होती. सांध्यावर उणे लावायचं माझं राहिलं होतं."

तिनं पेनाचं टोपण लावलं. "माहितीय सर."

"कधीपासून?"

"दुसऱ्यांदा प्रोग्रॅम लिहिला तवाच. तिसऱ्या पानावरची ओळ वाचली मी. नगण्य."

"मग बोलली का नाहीस?"

"मी फट येऊन राह्यली म्हणाले, तर तुम्ही कागद हातातसुद्धा घेतला न्हाई सर. तुमचं चिन्ह चुकलं म्हणाले असते, तर काय केलं असतं?" ती थोडी हसली. त्या हसण्यात राग नव्हता. राग मला सोसला असता. "आन् मला वाटलं, तुम्हाला कळलंच असंल. आज न्हाई तर उद्या म्हणतील. म्हणून तर टेबल सोडून जाईना मी."

मी सांगितलं की नियतकालिकाला दुरुस्ती पाठवतोय, तिचं नाव सोबत घालायचं आहे. तिनं मान हलवली.

"नको सर. तुमची चूक आहे, तुम्ही दुरुस्त करा. माझं नाव तुमच्या चुकीखाली कशाला?"

"मग मी काय करू?"

ती समोरच्या वह्या एकेक उलटत गेली. एका आलेखाखाली तिनं लाल पेननं लिहिलेलं मला उलट्या बाजूनं वाचता येत होतं: "येऊन भेट." पुढच्या वहीतही तेच. चुकलेल्या कुणाला ती दुसरा शेरा देतच नव्हती.

"बाबा तीन वर्षांखाली गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत त्यांना वाटायचं, पोरगी कमी पडली. मी सांगितलं होतं त्यांना, माझं बराबर होतं म्हणून. ते म्हणायचे, न्हाई बेटा, सरांनी मला सोता सांगितलं. मास्तर होते ना ते. दुसऱ्या मास्तराचा शब्द खोटा कसा मानतील?" मग म्हणाली, "निबंधाचं राहू द्या सर. तो अहवाल दुरुस्त होतो का, तेवढं बघा."

चहा आला होता. मी तो पिऊ शकलो नाही, तिनं आग्रह केला नाही. घंटा झाली, ती वह्या उचलून वर्गावर गेली.

मी विद्यापीठात गेलो. तिथल्या लिपिकांनी जुनी फाइल काढून दिली, माझी सही मलाच दाखवली. "सर, असमाधानकारकचं समाधानकारक करायचा फॉर्मच न्हाई. आन् नोंदणी कवाच रद्द झाली. विद्यार्थीच न्हाई, तर काय दुरुस्त करता? आता कशाला उकरून राह्यले?" मी अर्ज दिला. दोनदा दिला. तो आवक रजिस्टरात आहे, पुढं सरकलेला नाही. निबंधाची दुरुस्ती मात्र छापून आली, अर्धं पान. त्या जगात उणे चिन्ह नंतरही लावता येतं.

म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी हो म्हणालो. लेख पाठवण्याआधी प्रज्ञाला फोन केला. विचारलं, नाव बदलून लिहू का? कुणाला ओळखू येणार नाही असं करतो.

"अहवालात पूर्ण नाव होतं ना सर?"

"हो."

"मंग इथंही पूर्ण लिहा. वडलांच्या नावासकट."

हा अंक अंबडच्या वाचनालयात जातो. ज्यांनी वाचायला हवा होता ते उत्तमराव नाहीत. तरी त्या अहवालाचाच नमुना ठेवतो, कारण मला दुसरा येत नाही.

संशोधक विद्यार्थिनी: प्रज्ञा उत्तमराव वाहूळ.
काम: काठावरच्या गोल साखळीतील फट, आठ ते चौदा चुंबकं. फट आहे. आकडे बरोबर आहेत.
मार्गदर्शकाचा शेरा: प्रगती समाधानकारक. अभ्यास कमी पडला नाही. सांध्यावरचं चिन्ह मार्गदर्शकाचं चुकलं, आणि त्याला ते त्याच दिवशी कळलं होतं.